दाराला वाळवी लागली नव्हती

श्रीमती गौराबाई सरगर, म्हणजे जत भागातल्या झाडून सगळ्या खाणी-खडीवाल्यांच्या गौराक्का, यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका दारापाशी, आणि झाली ती भांडणानं. दार माझ्या ताब्यातलं होतं. मी ते लावून घेतलं होतं, त्यांनी ते उघडलं. या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होत आली. सत्कार समितीची मंडळी त्यांच्या साठीच्या ग्रंथासाठी लेख मागायला आली, तेव्हा जाताना बजावून गेली, "मुकादम, चार चांगले शब्द लिहा हं." चांगले शब्द मी लिहीनच. पण या बाईंनी माझ्या नाकी इतके नऊ आणले आहेत की चांगल्या शब्दांच्या मधून मधून माझी कुरकुर डोकावली, तर वाचकांनी ती भाकरीतल्या कोंड्यासारखी गोड मानून घ्यावी.

साठीवरूनही त्यांनी वाद घातलाच. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. मानमोडीची, म्हणजे अठरा सालची तापाची, साथ आली त्या साली झाल्या, एवढं त्यांची आई सांगायची, त्यावरून समितीनं हिशोब धरला. तर म्हणतात, "साठ कुनाला झाली? मला पन्नास धरा. साठ धरली की लोक घरात बस म्हन्त्यात." आता काय बोलायचं!

मी मूळचा पाटणचा. जिथं चार महिने पावसानं चुलीतलं लाकूडसुद्धा ओलं राहतं, तिथला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्या सोडून सोडून झालं. सांगलीत एक रांगोळीचे व्यापारी होते, सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांनी लढाई सुरू व्हायच्या सुमारास मला जतच्या पुढं, कानडी मुलखाच्या शिवेवर, आपल्या शेडवर मुकादम नेमलं. पलीकडून बैलगाड्यांतून पांढरीशुभ्र गारगोटी यायची. काही बाया ती लोखंडी मुसळांनी उखळात कांडायच्या, काही ते पीठ पातळ फडक्यातून चाळायच्या. त्या वस्त्रगाळ रांगोळीची पोती सांगली, सातारा, पार महाबळेश्वराच्या बाजारापर्यंत जायची. दिवाळीत तुमच्या-आमच्या उंबऱ्यावर जी लक्ष्मीची पावलं उमटत, त्यातली कितीतरी आमच्या शेडमधून निघालेली.

शेडला एकच दार होतं आणि दोन खिडक्या. खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं, दार दिवसभर ओढलेलं. कारण उघड आहे. माळरानावरचा वारा, आणि पीठ इतकं हलकं की फुंकर मारली तरी उडावं. जितकं बारीक तितका भाव जास्त. आढ्यावर, वाशांवर जे बसायचं ते तर सगळ्यांत बारीक. महिन्याकाठी मी ते पिसाऱ्यानं झटकून घेई आणि 'फूल रांगोळी' म्हणून वेगळं बांधी. चिमूटभर माल वाया जाऊ देत नाही, याचा मला अभिमान होता. आज त्या अभिमानाला काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं.

गौराक्का शेडवर आल्या तो होळीनंतरचा कडक उन्हाळा होता. यजमान पलटणीत, मेंढरं दिराच्या हवाली, आणि पोटाला काम हवं. खांद्यावर काळं घोंगडं घेऊन आल्या, ते खुंटीला अडकवलं आणि उखळाशी बसल्या. मी गाडीवाल्याशी बोलून परत येतो तो दार सताड उघडं.

"दार कुणी उघडलं?" मी ओरडलो.

"म्या." वर मान करून सुद्धा बघितलं नाही.

"बाई, वाऱ्यानं माल उडतो."

"आन् दार लावल्यावर कुटं जातो?"

"कुठं जातो म्हणजे? आतच राहतो."

"आत म्हंजी कुनाच्या आत, मुकादम?"

बाया पदराआड हसल्या. मी दार लावलं. संध्याकाळी जाताना गौराक्कांनी खुंटीवरचं घोंगडं काढलं आणि माझ्यापुढं धरलं. सकाळी कोळशासारखं काळं आलेलं घोंगडं पांढरं झालं होतं, म्हाताऱ्या मेंढ्यासारखं. "ह्ये तर निसतं भितीला टांगलं हुतं," त्या म्हणाल्या. "ह्येनं श्वासबी न्हाई घेतला." मी म्हटलं, उद्यापासून घोंगडं घरी ठेवून या. केवढा शहाणा मी!

आता गुळाची गोष्ट. ती सांगताना आजही माझं मलाच डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. आमच्याकडे धुळीच्या कामावर गूळ वाटायची रीत होती, नव्हे, अजून आहे. गूळ खाल्ला की नाकातोंडातली धूळ त्याला चिकटून पोटात उतरते आणि छाती साफ राहते, असा सगळ्यांचा ठाम समज. सांगलीच्या पेठेतली ढेप शेठ न चुकता पाठवत, आणि रोज सुटीच्या वेळी मी स्वतःच्या हातानं लिंबाएवढा खडा एकेकीच्या तळहातावर ठेवत असे. बाया आशीर्वाद देत. मला वाटे, मी त्यांची छातीच जपतो आहे. गूळ देणारा मुकादम वाईट कसा असेल?

गौराक्कांनी तो गूळ खाल्ला नाही. सकाळी येताना आदल्या दिवशीचा खडा घेऊन आल्या आणि उखळाच्या शेजारच्या कोनाड्यात उघडा ठेवला. दिवसभर कांडण झालं. संध्याकाळी सगळ्यांच्या देखत तो माझ्यापुढं धरला. खडा पांढरा, वर बोटभर साय धरल्यासारखा.

"गूळ धूळ वडतो म्हन्ता न्हवं? वडलीया बगा. आता खावा."

"हा कशाला खाऊ?"

"का? छाती साफ हुईल की. तुमीबी हितंच आसता."

चारचौघींत माघार कशी घ्यावी? मी चावला. दाताखाली जे करकरलं ते मी जन्मात विसरणार नाही. थुंकायचीही लाज वाटत होती, तरी थुंकलोच. तरी दुसऱ्या दिवशी ढेप फोडून मी पुन्हा वाटायला उभा! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते माझ्यासारख्याला बघूनच कुणी म्हटलं असावं.

माझी पत्नी हिरा त्या शेडवर पहिल्यापासून चाळणीवर होती. चाळणाऱ्या बाया उखळवाल्यांपेक्षा जास्त पिठात. सहा वर्षं तिनं ते फडकं हलवलं. तिचा गळा मोठा गोड. कांडण चालू असलं की ओवी तिनं उचलायची, बाकीच्यांनी मुसळाचा ठेका धरायचा. तिची एक आवडती ओवी होती:

काळ्या उखळामंदी पांढरी गार कांडते,
माहेराच्या वाटेवर नजर माझी सांडते.

दोन्ही ओळी ती एका श्वासात घ्यायची, आणि शेवटचा 'सांडते' असा लांबवायची की गाडीवाले बैल थांबवत. श्रावण सरता सरता गौराक्का दुपारच्या भाकरीच्या वेळी मला गाठून म्हणाल्या, "मुकादम, हिरीची ववी मदीच तुटतीया."

मी म्हटलं, "घसा बसला असेल."

"घसा बसला तर आवाज फाटतो. हिचा आवाज खणखणीत हाय. श्वास पुरंना. दुसऱ्या वळीच्या मदी दम घेती. तुमी तिचा नवरा, तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

खरं सांगतो, आलं होतं. डोंगरावरच्या देवळाला जाताना ती दोनदा बसली, तेही दिसलं होतं. पण माणूस जे बघायचं नसतं त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. मी वैद्याला आणलं. त्यानं नाडी बघितली, खोकला ऐकला आणि क्षय म्हणून सांगितलं. झालं. शेजाऱ्यांनी तिचं ताट वेगळं करायला लावलं, तांब्या वेगळा, अंथरूण पडवीत. गौराक्का मात्र मुद्दाम येऊन तिच्याच तांब्यातून पाणी प्यायच्या. मी रागावलो की म्हणायच्या, "शेडवर समद्या बाया अशाच खोकत्यात. समद्यांना येकाच येळी क्षय झाला? यव्वा! क्षय काय तुमच्या गुळासारका वाटत हिंडतोय?"

शेवटी त्यांनीच मला मिरजेला पिटाळलं, आणि मी एकटा गेलो तर अर्ध्यातून परत येईन अशी खात्री असल्यामुळे स्वतः बरोबर आल्या. तिथल्या डॉक्टरांनी हिराची छाती ठोकून बघितली, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. मग खुर्ची पुढे ओढून एक प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता: "बाई, काम काय करता?"

ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, थुंकीत क्षय दिसत नाही. गारगोटीचं बारीक पीठ श्वासावाटे जाऊन छातीत बसलं आहे. तिथं त्याच्या गाठी होतात, आणि गेलेलं पीठ परत निघत नाही. औषध नाही. आणखी जाऊ न देणं एवढंच हातात, आणि अशा छातीला पुढं क्षयही लवकर धरतो, तेव्हा जपा.

मी काय बोललो असेन? मी म्हटलं, "पण डॉक्टर, आम्ही रोज गूळ देतो."

त्यांनी चष्मा काढला. "मुकादम, गूळ पोटात जातो आणि श्वास छातीत. दोन वाटा वेगळ्या आहेत. तुम्ही एका वाटेवर पहारा ठेवलात आणि चोर दुसरीकडून आला."

परतीच्या गाडीत मी डॉक्टरांची चिठ्ठी उलगडत आणि घडी घालत बसलो. हिरा खिडकीशी टेकून. मला वाटलं, आता गौराक्का 'मी सांगत हुते' म्हणणार. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हे त्यांच्या स्वभावाचं एक विशेष आहे. तुम्ही चुकत असता तेव्हा तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि चूक तुमच्या गळ्यात पडली की गप्प बसतात. अशा माणसावर धड रागावताही येत नाही!

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मी हिराला शेडवरून काढलं. दुसऱ्याच दिवशी. आणि दिवाळीचा माल दीड महिन्यावर आलेला, शेठची पत्रावर पत्रं, म्हणून तिच्या जागेवर चाळणीला शेवंताला बसवलं. शेवंता म्हणजे हिराची मैत्रीण, उखळावर काम करणारी, हसरी, काटक बाई. चाळणीला मजुरी थोडी जास्त, म्हणून ती खुशीत बसली. दार लावलेलंच.

गौराक्का उखळ सोडून उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हिरीला काडली?"

"काढली. डॉक्टर म्हणाले ना."

"आन् तिच्या जाग्याव शेवंतीला बसिवली. शेवंतीची छाती काय दगडाची हाय?"

मी म्हटलं, दिवाळीपुरतं. शेठ ऐकणार नाहीत. पुढं बघू.

"तुमच्या घरातली ती मानूस, आन् आमी उखळ व्हय, मुकादम?"

मी शेठचं पत्र खिशातून काढून वाचायला लागलो.

त्याच दिवसापासून त्यांनी पाण्याचा नाद धरला. गारगोटी भिजवून कांडायची, म्हणजे उडणार नाही. आता ज्यांना जत भाग ठाऊक आहे त्यांना यातली गंमत कळेल. विहीर मैलावर, तीही तळ गाठलेली. मी पाटणचा माणूस, मलाच पाण्याचा एक तांब्या सांडला तर जिवाला लागायचं. म्हटलं, "गौराबाई, माणसाला प्यायला नाही आणि दगडाला पाजायचं?" तर म्हणाल्या, "दगडाला पाजत न्हाई. दगुड आमच्या छातीत जाऊ ने म्हनून त्याला खाली बसिवते." आणि दुसऱ्या दिवशी एकेक बाई घरून एकेक लोटा जादा घेऊन आली. घरात भांडणं झाली, सासवा कावल्या. कुणाच्या म्हशीचा वाटा कमी झाला, कुणी अंघोळ सोडली. पण लोटे आले. मी कपाळाला हात लावून बसलो.

दिवाळीला दहा-बारा दिवस राहिले असतील. शेठ माल बघायला येणार, असा निरोप आलेला. सकाळी शेडवर येतो तो दार जागेवर नाही! बिजागऱ्यांतून काढून बाहेर लिंबाखाली आडवं टाकलेलं, आणि त्याच्यावर शेवंता आणि दुसऱ्या दोघी बसून उघड्यावर चाळत होत्या, वाऱ्याकडे पाठ करून. ज्या चौकटीत दार होतं तिथं आणि लिंबाच्या फांद्यांवरून ओली घोंगडी टांगलेली. धनगरवाड्यातली होती तेवढी सगळी. वाऱ्यानं उडालेलं पीठ त्या ओल्या लोकरीला जाऊन चिकटत होतं. संध्याकाळी घोंगडी घंगाळात पिळायची, पाणी निवळू द्यायचं, खाली बसलेलं पीठ वाळवायचं. मालही जाईना आणि वाराही अडेना. असली अक्कल मला सहा वर्षांत सुचली नव्हती, आणि सुचली असती तरी घोंगडी मागायला धनगरवाड्यात मी गेलो नसतो.

"दार परत लावा," मी म्हटलं.

"उचला की तुमी," गौराक्का म्हणाल्या. "आमी बसलोय त्याच्याव."

तेवढ्यात शेठची टांग्यातून स्वारी आली. उतरल्या उतरल्या त्यांचं लक्ष मोकळ्या चौकटीकडे गेलं.

"मुकादम, दार कुठं आहे?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. हिराही शेजारच्या आमच्या घराच्या ओट्यावरून बघत होती. हा माझ्या आयुष्यातला असा क्षण होता की ज्यात मोठी माणसं मोठं काही बोलतात. मी म्हणालो, "वाळवी लागली, शेठ."

शेठनी दाराकडे बघितलं. अस्सल बाभळीचं, नव्यासारखं दार, आणि वर तीन बाया बसलेल्या. "कुठं लागली?"

"आतून लागलीय. वरून दिसत नाही."

शेवंताला असं हसू फुटलं की चाळणीतलं पीठ सांडलं. शेठ ओल्या घोंगड्यांवर, ओल्या मालावर खूप करवादले. रांगोळी दाणेदार झाली, फुलासारखी नाही, सातारची गिऱ्हाइकं परत पाठवतील, तुम्हाला सगळ्यांना घरी बसवीन, सगळं झालं. पण दिवाळी तोंडावर, दुसरीकडून माल मिळायचा नाही, म्हणून होता तोच वाळवून भरून नेला. आणि पुढं काय व्हावं? साताऱ्याहून मागणी दुप्पट! बायकांनी कळवलं, ही रांगोळी चिमटीतून छान सुटते, बारीक होती ती बोटांना चिकटून राहायची, रेघ तुटायची.

म्हणजे ते वस्त्रगाळ, ते 'फूल', ज्याच्यासाठी दार लावलं, गोणपाट ठोकलं, आढं झाडलं, ते उंबऱ्यावर बसणाऱ्या बाईला नकोच होतं. कुणी तिला विचारलंच नव्हतं. इतक्या बायांच्या छात्या आम्ही एका नको असलेल्या बारीकपणासाठी भरल्या. याचा संताप करायचा तरी कुणावर?

दार परत बसलं नाही. त्या दिवसापासून माझं नाव 'वाळवी मुकादम' पडलं ते पडलंच. गौराक्कांनी ते जत तालुकाभर केलं. परवा समितीच्या बैठकीत एका शिकलेल्या तरुण बाईंनी मला अदबीनं "या, वाळवीकाका" म्हटलं, तेव्हा ती खरी आडनावाची चूक होती की गौराक्कांची शिकवण, हे मी विचारलं नाही.

शेवंता त्यानंतर चार वर्षांनी गेली. दार काढायला आम्ही उशीर केला होता, आणि त्या आधीचा महिना तिनं माझ्या सांगण्यावरून चाळणीवर काढला होता. एका महिन्यानं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, तिची उखळावरची वर्षंही होतीच. पण माझा मी हिशोब जाणतो. गौराक्कांनी मला त्यावरून कधी टोचलं नाही. वाळवीवरून रोज टोचतात, शेवंतावरून एकदाही नाही. तिच्या तेराव्याला मी ओट्यावर एकटाच बसलो होतो, तेव्हा शेजारी येऊन बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आता पुडच्या शेडवर जायाचं, मुकादम. तुमी लिवायचं, म्या बोलायचं."

तेव्हापासून मी लिहितो आहे. त्यांना अक्षर येत नाही, मला येतं ते पुड्यांवरचं. जिथं खडी फुटते, जिथं जात्या-पाट्यांना टाकी लावतात, जिथं ओतकामाची वाळू झाडतात, तिथं ही बाई एसटीनं जाणार, मालकाच्या दारात काळं घोंगडं टांगणार आणि संध्याकाळी पांढरं झालेलं त्याच्या टेबलावर पसरणार. मग मी अर्ज लिहायचे. उत्तर येतं, अर्ज मिळाला. पुढं माणूस मरतो, कागदावर क्षय लिहिला जातो, कारण काम काय करत होता हा प्रश्न अजूनही कुणी विचारत नाही. आम्ही पुन्हा लिहितो. मी म्हणतो, आक्का, दगडाला पाझर फुटेल, कचेरीला नाही. त्या म्हणतात, "दगडाला कुटं पाजर फुटला? आपुन लोट्यानं पानी घातलं तवा भिजला. लिवा."

धुळीच्या कामाला लागलेल्या प्रत्येक बाईकडून त्या आधी ओवी म्हणून घ्यायच्या. आठ-पंधरा दिवसांनी परत. ज्या बाईची ओवी तुटायला लागली तिला धुळीवरून उठवायचं, मग तिचा नवरा मुकादम असो की मालक. डॉक्टर मंडळींनी ही रीत ऐकून कौतुक केलं. मला मात्र दर वेळी हिराची दुसरी ओळ आठवते.

मायेच्या गोष्टी सांगायच्या तर एकच सांगतो. गेल्या पस्तीस वर्षांत असा गुरुवार गेला नाही की गौराक्का शेळीचं दूध घेऊन हिराकडे आल्या नाहीत. हिरा आहे. चार पायऱ्या चढली की बसते, एका दमात तीन शब्द बोलते, पण आहे. दोघी भांडतात, मला नावं ठेवतात, दूध संपवतात. मी चहा करायचा, हाही नियम त्यांचाच.

आणि माझी खरी तक्रार आता सांगतो, कारण समोर बोललो तर ऐकून घेणार नाहीत. छापलेलं तरी कुणीतरी वाचून दाखवील. आमच्या गौराक्कांना घरात बसवत नाही. या वयात खडीच्या क्रशरवर जाऊन धुरळ्यात उभ्या राहतात, दुसऱ्यांना पदर बांधायला लावतात आणि स्वतःचा मोकळा. परवाच एका ठिकाणी गेल्या, तर तिथं काय दिसावं? सुटीच्या वेळी एक मुकादम मजुरांच्या हातावर गुळाचे खडे ठेवत होता. हसतमुख, मायाळू, अगदी माझ्यासारखा. गौराक्का घरी येऊन पाणी न पिता अर्धा तास त्याला शिव्या देत होत्या, आणि मधे मधे थांबत होत्या. राग आहे म्हणून थांबतात, असं मला वाटलं. हिराला तसं वाटलं नाही.

गेल्या गुरुवारी दूध पिऊन झाल्यावर हिरा त्यांना म्हणाली, "आक्का, ववी म्हना."

"आता कशापायी?"

"म्हना. मला. ऐकायचीय."

गौराक्कांनी टाळाटाळ केली. हिरानं हट्ट धरला. शेवटी त्यांनी उखळाची ती जुनी ओवी घेतली. पहिली ओळ गेली. दुसरी 'माहेराच्या वाटेवर' इथपर्यंत आली आणि तुटली. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं, पदर तोंडाला लावला. ज्या बाईनं शेकडो बायांच्या ओव्या तुटताना पकडल्या, तिला वाटलं की आम्हाला कळणार नाही. मी काही बोलायच्या आत हिरानं श्वास ओढला, होता नव्हता तेवढा, आणि राहिलेली अर्धी ओळ म्हटली. 'नजर माझी सांडते.' शेवट लांबवता आला नाही. पण ओवी पुरी झाली.

मग दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. "आता ह्ये कुटं लिवू नगा," गौराक्का म्हणाल्या.

मी लिहिलं आहे. पस्तीस वर्षं तुम्ही माझं ऐकलं नाहीत, आक्का, एकदा मी तुमचं ऐकत नाही. सत्काराच्या दिवशी मांडवाच्या दारात दगडाची रांगोळी काढू नये, तांदळाच्या पिठाची काढावी, मुंग्यांना तरी मिळेल, असं मी समितीला सांगितलं आहे. तुमच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची न ठेवता ते बाभळीचं दार टाकायला सांगितलं आहे. ते अजून आमच्या लिंबाखाली आहे, ऊनपाऊस खाऊन काळं पडलं, पण एवढ्या वर्षांत वाळवी शिवलेली नाही. त्याच्यावर बसा. आणि त्या दिवसानंतर क्रशरवर आम्ही तरणी माणसं पाठवू, अर्ज मी लिहीनच, तुम्ही लिंबाखाली बसून शिव्या द्या. शंभर वर्षं द्या. तुमची अर्धी ओवी आणि हिराची अर्धी, दर गुरुवारी अशीच मिळून पुरी होत राहो. चहा मी करतो.